जहाज मुंबईचं, मग भाडं परक्याला का?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. मुलगी न्यूकॅसलला राहते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी ती आम्हाला तिथे घेऊन गेली. जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं एक लढाऊ जहाज पाण्यात उभं आहे, नाव ‘एचएमएस ट्रिंकोमाली’. आत उतरल्यावर वाकून चालावं लागतं. तोल सावरायला एका तुळईवर हात टेकला आणि तो स्पर्श ओळखीचा वाटला. आजोळच्या माजघरातल्या खांबाचा असावा तसा. लाकूड सागवान होतं. हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. आजही पाण्यावर तरंगणारं ब्रिटनचं हे सर्वांत जुनं लढाऊ जहाज आहे.

छाती फुगली, हे मोकळेपणाने सांगतो. मग मुलीने विचारलं, “बाबा, दोनशे वर्षांपूर्वी आपण असं बांधत होतो, तर आज मोठी जहाजं म्हटलं की चीन आणि कोरियाच का?”

तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. तिला सांगायचं राहिलेलं उत्तर इथे लिहितो आहे. सध्या या विषयाच्या बातम्याही सारख्या येतात. दोरीने शिवलेलं ‘कौंडिण्य’ जहाज पोरबंदरहून मस्कतला पोचलं, केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध, ते सहसा कुणी सांगत नाही.

## बंदर, जहाज आणि कारखाना

आधी एक गल्लत दूर करू. बंदर म्हणजे एसटी स्टँड. मालवाहतूक करणाऱ्या जहाज कंपन्या, म्हणजे नौवहन, या एसटीच्या गाड्या. आणि जहाजबांधणी म्हणजे जिथे गाड्या बांधल्या जातात ती दापोडीची कार्यशाळा.

स्टँड चकाचक असला म्हणून गाड्या आपल्या मालकीच्या असतात असं नाही. न्हावाशेवाला कंटेनरचे डोंगर दिसतात, पण ते उतरवणारी बहुतेक जहाजं परदेशी कंपन्यांची असतात. पालघरजवळ वाढवण बंदर होऊ घातलं आहे. त्याला मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांच्या पोटापाण्याचे प्रश्न खरे आहेत. पण ते बंदर झालं तरी त्याने जहाजांची मालकी आपोआप आपल्याकडे येणार नाही. स्टँड, गाड्या आणि कार्यशाळा यांचे हिशेब वेगवेगळे आहेत.

## ट्रिंकोमाली मुंबईतच का बांधली?

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत ब्रिटनने इतकी जहाजं बांधली की तिथलं ओकचं लाकूड कमी पडू लागलं. आपल्याकडे मलबारचा साग होता. सागात तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात तसं होत नाही.

पण लाकूड तर जंगलातही असतं. मुंबईत त्यापेक्षा मोठी गोष्ट होती, ती म्हणजे वाडिया घराणं. लवजी नुसेरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे पिढ्यानपिढ्या या गोदीचे मुख्य कारागीर वाडियाच राहिले. ट्रिंकोमाली बांधली ती जमशेटजी बोमनजी वाडियांनी. तिचे आराखडे ज्या जहाजातून मुंबईला येत होते ते ‘एचएमएस जावा’ अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, म्हणून आराखडे पुन्हा पाठवावे लागले. काम सुरू करताना पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. ही गोष्ट मला फार आवडली. जहाज इंग्लंडच्या राजाचं, पण त्याचा मुहूर्त मुंबईच्या रीतीने झाला.

मराठी वाचकाच्या मनात इथे आरमाराचा विचार येणारच, आणि तो यायलाच हवा. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली, सिंधुदुर्ग उभारला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमारासाठी कोणतं लाकूड कसं आणावं हेही सांगितलं आहे. साग परवानगीने तोडावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. ज्याने हे लिहिलं त्याला ठाऊक होतं की जहाज गोदीत तयार होत असलं तरी त्याची सुरुवात रानात होते आणि रयतेच्या परसात थांबते. आजच्या भाषेत याला पुरवठा साखळी म्हणतात.

## मग घोडं अडलं कुठे?

“वाफेची इंजिनं आली, आपल्याला ती जमली नाहीत,” असं उत्तर बहुतेकदा मिळतं. ते अपुरं आहे. वाडियांच्याच घरातले अर्देसर कर्सेटजी वाफेच्या इंजिनांचे जाणकार होते आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झालेले ते पहिले भारतीय. बुद्धी होती, हात होते.

नव्हती ती ऑर्डर देण्याची ताकद. जहाज कुणासाठी बांधायचं, त्यावर कोणता माल चढवायचा, खलाशी कोण असावेत, हे लंडनमध्ये ठरत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश कायद्यांनी भारतीय खलाशांना ‘ब्रिटिश खलाशी’ मानायला नकार दिला. त्यामुळे आपली माणसं घेऊन इंग्लंडला जाणाऱ्या भारतीय बनावटीच्या जहाजांची वाट अडली. लोखंड आणि वाफ आली तेव्हा नवीन कारखाने तिकडे उभे राहिले, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं.

पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचं ‘एसएस लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. प्रवास झाला, पण धंदा करू दिला गेला नाही. जम बसलेल्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. शिवाय त्यांची एक युक्ती होती. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग त्या लगेच परत करत नसत. पुढचे काही महिने त्याने सगळा माल त्यांच्याच जहाजातून पाठवला तरच तो मिळे. एखाद्या घाऊक दुकानदाराने सांगावं, “सूट दिवाळीला देईन, पण वर्षभर दुसऱ्याच्या पायरीवर गेलास तर विसर,” तसंच हे. १९२३ मध्ये सिंधियाला करार करून देशाच्या किनाऱ्यापुरतं राहणं मान्य करावं लागलं.

वालचंद थांबले नाहीत. १९४१ मध्ये त्यांनी विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना काढला आणि १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतातलं ते पहिलं मोठं जहाज. सोलापूर समुद्रापासून किती दूर आहे, हे लक्षात घेतलं की मला या माणसाचं मोठेपण आणखी जाणवतं.

## भाड्याचा हिशेब

आपल्या आयात-निर्यातीचा, वजनाने मोजला तर, सुमारे ९५ टक्के माल समुद्रातून जातो. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरच्या सभेत सांगितलं की पन्नास वर्षांपूर्वी आपला ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून होत होता, आता तो ५ टक्क्यांवर आला आहे, आणि परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी सुमारे ६ लाख कोटी रुपये भाडं जातं.

कोकणातल्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. बाग त्याची, कलम त्याचं, पेटी त्याने भरली. पण टेम्पो दुसऱ्याचा. आंबा पिकायला लागला की तो थांबू शकत नाही आणि टेम्पोवाला सांगेल ते भाडं द्यावं लागतं.

## “माल पोचतो ना? मग जहाज कुणाचं का असेना!”

हा आक्षेप चुकीचा नाही. साध्या दिवसांत परक्याचं जहाज स्वस्त पडतं आणि तेच घ्यावं. प्रश्न येतो तो आडवेळी. करोनाच्या काळात कंटेनर मिळेनासे झाले आणि भाडी काही पटींनी वाढली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं. अशा वेळी कंपनी आधी आपल्या जुन्या, मोठ्या गिऱ्हाइकाचा माल उचलते. सगळी जहाजं आपलीच असावीत असं कुणी म्हणत नाही. पण घासाघीस करायला काही गाड्या आपल्या दारात उभ्या असाव्या लागतात.

## जहाजाला नंबरप्लेट असते

इथे एकच पारिभाषिक शब्द घेऊ: नोंदणीचा ध्वज. प्रत्येक जहाज कुठल्या तरी देशात नोंदवावं लागतं आणि त्या देशाचा कायदा त्याला लागू होतो. जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं.

पुण्यात राहणाऱ्या माणसाने महागडी गाडी पुदुच्चेरीला नोंदवल्याचं आपण ऐकतो. कर कमी लागतो म्हणून. जहाजांचंही तसंच आहे. मालक ग्रीसचा, बांधणी कोरियाची, खलाशी रत्नागिरीचे आणि नोंदणी लायबेरिया, पनामा किंवा मार्शल बेटांची. कर, नियम आणि कर्जाच्या सोयी पाहून मालक देश निवडतो. म्हणून भारतीय माणसाचं जहाजसुद्धा भारतीय ध्वजाखाली असेलच असं नाही. त्याच्या देशप्रेमाला आवाहन करून ते येणार नाही. इथे नोंदवणं परवडलं तर येईल.

## पाचशे वॉनची नोट

अभिमान आणि संधी यांची गाठ कशी बसते, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण कोरियाचं आहे.

१९७१. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जु-युंग जहाजांचा कारखाना काढायला कर्ज मागत लंडनमध्ये फिरत होते. हातात काय होतं? उल्सानच्या मोकळ्या किनाऱ्याचा फोटो. कोरियाने तोवर एकही अवाढव्य तेलवाहू जहाज बांधलं नव्हतं. ज्यांच्या शिफारशीवर बँकेचं कर्ज अवलंबून होतं, त्या गृहस्थांनी शंका काढली. तेव्हा चुंग यांनी खिशातून पाचशे वॉनची नोट काढली. तिच्यावर ‘कासव-जहाजा’चं चित्र होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सेनापती यी सुन-शिन यांनी जपानी आरमाराविरुद्ध वापरलेलं, पाठीवर छप्पर असलेलं जहाज. आम्ही हे तेव्हा बांधलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. नोटेने फक्त दार उघडलं. बँकेला आधी गिऱ्हाईक दाखवावं लागणार होतं, म्हणून चुंग यांनी एका ग्रीक जहाजमालकाकडून दोन तेलवाहू जहाजांची ऑर्डर मिळवली. सरकार पाठीशी उभं राहिलं. गोदी आणि तिच्यातलं पहिलं जहाज एकाच वेळी बांधायला घेतलं. घर बांधता बांधता त्याच घरात लग्न लावण्यासारखं होतं ते. मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि काही मालकांनी तयार जहाजं घ्यायला नकार दिला. तेव्हा ती पडून राहू न देता त्याच जहाजांवर त्यांनी स्वतःची नौवहन कंपनी सुरू केली. म्हणजे कारखान्याच्या मागे आपल्याच गाड्या उभ्या केल्या.

आपल्याकडे त्या नोटेवर छापता येतील अशी चित्रं कितीतरी आहेत. अजिंठ्याच्या भिंतीवर जहाज आहे. नौदलाच्या २०२२ च्या नव्या ध्वजावरची अष्टकोनी आकृती शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतली आहे. ट्रिंकोमाली तर दोनशे वर्षांनंतरही तरंगते आहे. नोट आपल्या खिशात आहे, प्रश्न तिच्या पुढच्या पायरीचा आहे.

## “आपण विनाशिका बांधतो, मग मालवाहू जहाज का नाही?”

माझगावच्या गोदीत क्षेपणास्त्रं डागणाऱ्या विनाशिका तयार होतात, तेव्हा हा प्रश्न रास्तच. फरक गिऱ्हाइकाचा आहे. युद्धनौका म्हणजे पैठणी. घेणारा एकच, नक्षी त्याची, आणि तो येवल्यात बसून सुरतेच्या कापडाचा भाव सांगत नाही. मालवाहू जहाज म्हणजे शाळेच्या गणवेशाचं कापड. जगभरचे दुकानदार मीटरला किती, एवढंच विचारतात. तिथे चीन निम्म्याहून जास्त जहाजं बांधतो आणि आपला वाटा एक टक्काही नाही.

भाव कमी कशाने होतो? एक, एकाच नमुन्याची दहा-वीस जहाजं ओळीने बांधल्याने. दोन, कर्ज स्वस्त मिळाल्याने. जहाज तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर पैसा अडकून पडतो. व्याजात दोन-तीन टक्क्यांचा फरक म्हणजे नफा खलास. आणि तीन, शेजार.

शेजाराचा मुद्दा समजायला पेणला जावं. पेणचे गणपती जगात जातात ते काही एका कारखान्याच्या जोरावर नाही. साचे करणारे तिथेच, रंगवाले तिथेच, आखणी करणारे हात घराघरांत, पेट्या बांधणारे कोपऱ्यावर. नवीन कारखाना काढणाऱ्याला सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. उल्सानभोवती असं जहाजांचं पेण आहे. आपल्या गोद्यांना इंजिनापासून कितीतरी सामान बाहेरून मागवावं लागतं.

सप्टेंबर २०२५ ची ६९,७२५ कोटींची योजना याच तीन दुखण्यांवर आहे. २४,७३६ कोटी मुख्यतः गोद्यांना भावातला फरक भरून काढायला, २५,००० कोटी भांडवल आणि व्याजाच्या मदतीसाठी, १९,९८९ कोटी मोठ्या गोद्या आणि त्यांचा शेजार उभा करायला. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जाही दिला गेला, म्हणजे रस्ता किंवा वीजकेंद्राला मिळतं तसं लांब मुदतीचं कर्ज त्यांना मिळू शकेल.

## “पण हा पैसा पाण्यात गेला तर?”

जाऊ शकतो. जहाजधंद्यात तेजी-मंदीच्या लाटा मोठ्या असतात, आणि अनुदानावर जगायची सवय लागलेला कारखाना अनुदान थांबलं की बंद पडतो. म्हणून मला वाटतं, पैसा इमारतीकडे पाहून देऊ नये, वेळेवर पाण्यात उतरलेल्या जहाजाकडे पाहून द्यावा. आणि सरकारी तेल कंपन्या व बंदरांनी आपल्या गरजेच्या जहाजांच्या ऑर्डरी एकत्र करून इथल्या गोद्यांना द्याव्यात, सुट्या सुट्या नव्हे. ऑर्डर आली की कारागीर टिकतो.

## शिडाच्या जहाजांचं आज काय काम?

ऑर्डर आली की कारागीर टिकतो, हे गोव्यातल्या दिवाडी बेटावर पाहायला मिळतं. रत्नाकर दांडेकर यांच्या छोट्या गोदीत नौदलासाठी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी यांनी तिच्यावरूनच कुठेही न थांबता तीच फेरी केली. त्यानंतर त्याच गोदीला ‘तारिणी’ मिळाली, जिच्यावरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. आणि मग ‘कौंडिण्य’.

अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेलं हे जहाज खिळ्याशिवाय बांधलं आहे. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या, फटींत नारळाचा काथ्या आणि राळ भरली. केरळचे कारागीर, गोव्याची गोदी, आयआयटी मद्रासची चाचणी. फळ्यांची अशी शिवण लाटेबरोबर थोडी लवते, गोधडी जशी अंगाबरोबर वळते तशी. हे जहाज २९ डिसेंबर २०२५ ला इंजिनाशिवाय पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला लागलं.

या जहाजातून कुणी कोळसा आणणार नाही. पण एका गोदीला पहिलं काम मिळालं म्हणून दुसरं करता आलं, दुसरं केलं म्हणून तिसऱ्याची हिंमत झाली. उल्सानला घडलं तेच इथे छोट्या मापात घडलं. आणि वारा, लाट, दोर यांच्याशी थेट गाठ पडलेला खलाशी मोठ्या जहाजावरही वेगळा वागतो. म्हणून तर ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ या शिडाच्या जहाजांवर नौदल आजही शिकवतं.

## घरातल्या मुलांसाठी

भारताचे तीन लाखांच्या आसपास लोक जगभरच्या जहाजांवर काम करतात. अधिकारी व्हायचं तर बारावीला गणित-विज्ञान आणि भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. दहावीनंतर खलाशी म्हणून जाण्यासाठीही मान्यताप्राप्त प्रशिक्षण आहे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये मागणारा दलाल भेटला तर उठून यावं. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरीसाठी खलाशाकडून फी घ्यायला कायद्याने मनाई आहे. परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या भावकीतल्या एका कुटुंबाने हे न तपासता जमिनीचा तुकडा विकला आणि मुलगा वर्षभर घरीच बसला.

पुढे तो रीतसर शिकला आणि गेल्या वर्षी त्याला पहिलं जहाज मिळालं. चढायच्या आधी धक्क्यावरून त्याने जहाजाच्या मागच्या बाजूचा फोटो आईला पाठवला. पांढऱ्या मोठ्या अक्षरांत जहाजाचं नाव, खाली ‘मोनरोव्हिया’. दापोलीच्या त्या माउलीने मला फोन करून विचारलं, “भाऊजी, हे गाव कुठं आलं?” लायबेरियात, असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “मग आपल्याकडचं नाव लिहिलेलं एवढं मोठं जहाज नसतं का?” मी तिला हार्टलपूलची गोष्ट सांगायला सुरुवात केली.